ग्रँड आयलंडची कॅमेरावाली ट्रिप: समुद्रात मोरी, म्हणजे शार्क, बघायची असेल तर हीच घ्या

नुसता पाण्याखालचा फोटो स्टेटसला टाकायचा असेल तर ह्या डायव्हिंगवाल्यांकडे जाऊ नका, निम्म्या पैशात गोव्याच्या ग्रँड आयलंड बेटावर नेऊन आणणारे वास्कोत पुष्कळ आहेत. पण आपल्या समुद्रात काय आहे, काय उरलंय, हे ज्यांना खरोखर बघायचंय, घरातल्या मुलांना दाखवायचंय, त्यांनी ह्यांची कॅमेरावाली ट्रिप घ्याच. आम्ही म्हापशाहून गेलेलो, मी, नवरा, अकरावीतला मुलगा आणि कोल्हापूरहून सुट्टीला आलेला पुतण्या. पाचपैकी साडेचार स्टार देतेय, अर्धा का कापला तेही लिहिते, जरा लांबेल पण पूर्ण वाचा कारण ह्यातलं बरंचसं बुकिंग करताना कोणी सांगत नाही.

ह्यांच्या दोन तऱ्हेच्या ट्रिपा असतात. एक नेहमीची, सकाळी न्यायचं, पाण्यात उतरवायचं, दुपारी परत. दुसरी कॅमेरावाली, ती अधूनमधून, तीही मधल्या वारी, शनिवार-रविवारी मिळत नाही, आणि त्यात बोटीवर पाहुणे कमीच घेतात कारण बाकीची जागा कॅमेऱ्याच्या सांगाड्यांना लागते. आम्हाला माणशी सहा हजार पडले, त्यात डायव्हिंग, सामान, नाश्ता, जेवण आणि दुपारी परत आल्यावर फुटेज बघणं सगळं आलं. महाग आहे, मान्य, पण कशाचे पैसे घेतात ते दिसतं.

आधी सेफ्टीचं, कारण आईबापांना तेच विचारायचं असतं. फॉर्म भरून घेतात, दमा, कानाचं ऑपरेशन, बीपी, सगळं विचारतात आणि नुसतं सही करा म्हणून पुढे सरकवत नाहीत, वाचून प्रश्न विचारतात. पुतण्याला सर्दी होती तर त्याला हवेची टाकी लावून खाली जाऊ दिलंच नाही, नाक चोंदलेलं असेल तर कानातला दाब सुटत नाही म्हणाले, त्याला वरून स्नॉर्केलिंग करवलं आणि फरकाचे पैसे न मागता परत दिले. पोरगा हिरमुसला पण मला हेच आवडलं. पहिल्यांदा उतरणाऱ्या प्रत्येकाबरोबर एक स्वतंत्र इन्स्ट्रक्टर, बारा मीटरच्या खाली नेत नाहीत, मास्क घट्ट बसतोय का ते किनाऱ्यावरच बघतात. वेटसूट जुने आहेत, माझ्या एका कोपराला भोक होतं, पण धुतलेले होते, वास नव्हता. सामानाबद्दल एवढंच.

बायणाहून सकाळी बोट निघते. बेटाच्या आडोशाला पोचलो तेव्हा आधीच बऱ्याच बोटी लागलेल्या, गाणी चालू, आणि लोक पाव आणि बिस्किटं पाण्यात टाकत होते, मासे वर यावेत आणि फोटोत यावेत म्हणून. त्या गर्दीत हे लोक थांबतच नाहीत, बेटाला वळसा घालून पलीकडे जातात. मी तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, विचारलं की आपणही थोडं खाणं टाकलं तर मुलांना मासे जास्त दिसतील ना, तर तो म्हणाला, "बाय, पावावर जमतात ते ठरलेले चार जातींचेच मासे, बाकीचे त्यांना भिऊन लांब जातात. आणि पाव हे काय माशाचं खाणं?" त्याने सांगितलं त्यात सगळं आलं. रीफवर, म्हणजे पोवळ्यांच्या खडकांवर, जे मासे शेवाळ खरवडून खातात त्यांना पावाची सवय लावली की ते आपलं काम सोडतात आणि दगडावर शेवाळ वाढत जातं, आणि कोवळी पोवळी त्याखाली गुदमरतात. पर्यटन खात्याने ह्यावर लक्ष द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं, एक बोट थांबवून काही होत नाही.

आता मुख्य गोष्ट, कॅमेरा. इंग्रजी अद्याक्षरं जोडून त्याला ब्रव्ह म्हणतात, म्हणजे आमिष लावलेला, पाण्याखाली एकटाच ठेवलेला व्हिडिओ कॅमेरा. पाईपचा चौकोनी सांगाडा, त्यावर वॉटरप्रूफ डब्यात गोप्रो, समोर मीटरभर लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला जाळीची पिशवी. पिशवीत तारली आणि बांगडा कुटून भरतात. तारलीच का, तर ती तेलकट असते, तिचा वास प्रवाहाबरोबर लांबवर जातो आणि शार्कचं नाक त्याच कामासाठी बनलंय. पिशवी अशी घट्ट असते की माशांना वास मिळतो पण खायला जवळजवळ काहीच मिळत नाही, म्हणजे पाव टाकण्यासारखा हा प्रकार नाही. सांगाडा दोरीने हळूहळू तळाला सोडायचा, वर बोया बांधायचा, बोट लांब न्यायची आणि तासभर त्याला हात लावायचा नाही. माणूस आसपास नाही, टाकीचे बुडबुडे नाहीत, त्यामुळे जे मासे डायव्हरला बघून पळतात ते कॅमेऱ्यासमोर निवांत येतात. मोरी तर लाजाळूच, तुम्ही टाकी लावून वर्षभर फिरलात तरी ती तुम्हाला दिसेलच असं नाही पण ती तिथे असू शकते, आणि म्हणूनच जगभर शार्क मोजायला ही पद्धत वापरतात.

सांगाडे सोडायला पाहुण्यांचीही मदत घेतात, नुसतं बघत बसायचं नाही. मुलाच्या हातात पाटी आणि पेन्सिल दिली आणि वेळ, खोली, पाण्याचं तापमान, प्रवाहाची दिशा आणि व्हिजिबिलिटी लिहायला लावली. व्हिजिबिलिटी काळ्या-पांढऱ्या तबकडीने बघतात, दोरीने सोडत जायची आणि दिसेनाशी झाली की किती मीटर ते लिहायचं. हे मला सुरुवातीला फुकट काम वाटलं पण नंतर त्याचं महत्त्व कळलं, कारण आपल्याकडे एका बाजूने मांडवी आणि दुसऱ्या बाजूने जुवारी गाळ आणून सोडते, ग्रँड आयलंडचं पाणी एक दिवस सात-आठ मीटरपर्यंत स्वच्छ असतं आणि दुसऱ्या दिवशी हाताचा पंजा दिसायची मारामार. ज्या दिवशी कॅमेऱ्याला दोनच मीटर दिसतं त्या दिवशी फुटेजमध्ये मोरी नाही आली म्हणजे समुद्रात मोरी नाही असं म्हणताच येत नाही. पाणी किती स्वच्छ होतं ते प्रत्येक वेळी लिहून ठेवलं तरच ह्या वर्षीचं आणि पुढच्या वर्षीचं फुटेज एकमेकांशेजारी ठेवता येतं. हे इतक्या काटेकोरपणे करणारे लोक आपल्याकडे डायव्हिंगच्या धंद्यात आहेत ह्याचा मला खरंच अभिमान वाटला.

पाण्यात आम्हाला काय दिसलं ते थोडक्यात लिहिते, कारण ते सगळ्याच ट्रिपांत दिसतं. तांबोशी, कपारीत बसलेला गोब्रा, पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे, एक साळिंदरासारखा काटेरी मासा, समुद्रकाकड्या. नवऱ्याला पाकट दिसला, मला नाही.

जेवण किनाऱ्यावर आल्यावर. डाळ, भात, बांगड्याचं हुमण, सोलकढी, भेंडी. गरम होतं, पोटभर होतं. ह्यांच्या जेवणात मोरी कधीच नसते, विचारलं तर सांगतात, नाही विचारलं तर भाषण देत नाहीत.

आणि मग ट्रिपचा सगळ्यात चांगला भाग, जो बाकी कोणाकडेच नाही. मागच्या खोलीत पडद्यावर फुटेज लावतात आणि सगळ्यांनी मिळून बघायचं. तासाभराचं फुटेज म्हणजे कंटाळा येईल असं वाटतं, आणि पहिली दहा मिनिटं येतोही, हिरवं पाणी, पिशवी, पिशवीला टोचणारे छोटे मासे, परत हिरवं पाणी. नंतर डोळा बसतो. मोजायची एक रीत आहे ती पुतण्याला फार आवडली. एकच गोब्रा पाच वेळा येऊन गेला तर पाच मोजायचे का? आपण मोजले असते. तसं करायचं नाही, एका जातीचे जास्तीत जास्त किती मासे एकाच वेळी, एकाच चित्रात दिसले तो आकडा धरायचा, बस्स. त्यामुळे आकडा कमीच येतो, पण फुगलेला कधी येत नाही. ज्यांना ह्या आकड्यावरून पुढे कायदे करायचेत, क्षेत्रं राखून ठेवायचीत, त्यांना कमी पण खात्रीचा आकडाच उपयोगी.

आमच्या दिवशीच्या फुटेजमध्ये चाळिसाव्या मिनिटाच्या पुढे डावीकडून तळाला घासत एक बारीक, तपकिरी, लांबट काहीतरी आलं. पिशवीजवळ थांबलं, नाक लावलं, आणि शेपटी वळवून निघून गेलं. पोरं ओरडलीच. बांबू शार्क. हातभर लांबीची, तळाला पडून राहणारी, माणसाला काहीही न करणारी मोरी, जी दगडांच्या सांदीत अंडी घालते. मुलाने लगेच मोबाईलवर फोटो शोधून जातीचं नाव सांगितलं पण टीममधल्या ताईंनी ते लिहिलं नाही, त्या म्हणाल्या डोकं स्पष्ट दिसत नाही, आपल्या किनाऱ्यावर एकसारख्या दिसणाऱ्या जाती आहेत, "बांबू शार्क, जात नक्की नाही" असंच लिहायचं. दुसरा कोणी असता तर मोठं नाव लावून इन्स्टावर टाकून मोकळा झाला असता.

ती शेपटी बघताना मला जे वाटलं ते सांगायला हवं. मी गोव्यात वाढले, मोरी मी आयुष्यभर बघितलीय पण ती मार्केटात, कापलेली, नाहीतर ताटात आंबटतिखटात. जिवंत, तिच्या स्वतःच्या घरात चालती-फिरती कधीच नाही. आमच्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी आणतात, माझ्या बाळंतपणात आईनेही आणलेली, प्रेमाने. आणि आता वाचलं तर अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे अन्न-औषध खात्याच्या, यादीत गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी टाळायच्या माशांत शार्क आहे, पाऱ्यामुळे, कारण शार्क दुसऱ्या माशांना खाते आणि त्या सगळ्यांच्या अंगातला पारा तिच्या अंगात साठत जातो. हे प्रत्येक घरात कळायला पाहिजे.

मार्केटात लहान लहान मोऱ्या ढिगाने दिसतात त्यातही फरक आहे, हे ताईंनी दुपारी फोटो लावून दाखवलं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जास्त मिळते ती फावड्यासारख्या चपट्या नाकाची लहान मोरी, ती पूर्ण वाढली तरी फूट-दोन फुटांचीच, वर्ष-दोन वर्षांत वयात येते आणि एका वेळी बऱ्यापैकी पिल्लं देते. तिलाही धोका आहे पण ती थोडंफार सोसू शकते. पण त्याच ढिगात हातोड्यासारख्या डोक्याची पिल्लं असतात, काळ्या टोकांच्या परांच्या जातींची पिल्लं असतात, आणि ही मोठी जनावरं आहेत, हातोडा-मोरीसारख्यांना वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागू शकतात, पोटात पिल्लं महिनोन्महिने वाढतात आणि मगच बाहेर येतात. हातोडा-मोरीची एक जात, स्कॅलप्ड हॅमरहेड, आययूसीएन ह्या निसर्ग राखणाऱ्या जागतिक संघटनेच्या यादीत शेवटच्या टोकाला आहे, अतिधोक्यात. तिची पिल्लं उथळ, गढूळ, किनाऱ्याजवळच्या पाण्यात वाढतात कारण तिथे त्यांना खाणारे मोठे मासे कमी. म्हणजे जिथे आपली जाळी सगळ्यात जास्त, तिथेच त्यांची बालवाडी.

कायदे आहेत बरं का. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात शार्क, पाकट, करवत मासे वगैरे मिळून दहा जाती घातल्या, त्यात व्हेल शार्क आली, गंगेतली शार्क आली. २०१३ मध्ये केंद्राने पर कापून धड समुद्रात फेकायला बंदी केली, २०१५ मध्ये परांची निर्यात बंद झाली. २०२२ ची दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून लागू झाली तेव्हा यादी बरीच वाढली. पण यादी वाढून जाळ्याला काय कळतं? हे मी तांडेलालाच विचारलं, तो पूर्वी मोठ्या बोटीवर होता. तो म्हणाला, "बाय, मोरी शोधायला कोण जात नाही. आम्ही सुंगटां (कोळंबी) काढायला जातो, ती येते. वर काढली तोवर अर्ध्या मेलेल्या असतात. सोडून कोणाला देऊ?" त्याचं म्हणणं खरं आहे, मालवणच्या ट्रॉलरवर, म्हणजे मागून जाळं ओढत नेणाऱ्या मोठ्या बोटींवर, झालेल्या अभ्यासातही हेच आलं की मोरी आता मुद्दाम पकडत नाहीत, इतर माशांबरोबर जाळ्यात येते. जी गोष्ट चुकून येते ती यादीने थांबत नाही. जाळं कुठे टाकायचं नाही हे ठरवलं तरच थांबते. म्हणून राखीव क्षेत्र.

आणि राखीव क्षेत्राने फरक पडतो ह्याचा पुरावा ह्याच कॅमेऱ्यांनी दिलाय. ग्लोबल फिनप्रिंट नावाचं काम झालं, ५८ देशांतल्या ३७१ रीफवर असेच आमिषाचे कॅमेरे सोडले, पंधरा हजारांहून जास्त तासांचं फुटेज बघितलं, २०२० मध्ये निष्कर्ष आले. जवळपास वीस टक्के रीफवर एकही शार्क कॅमेऱ्यासमोर आली नाही. कुठे जास्त होत्या? जिथे शार्कसाठी समुद्र राखलाय, जिथे मासेमारी बंद असलेले भाग आहेत, पकडीवर मर्यादा आहे, गिलनेट (पाण्यात भिंतीसारखी उभी जाळी) आणि लाँगलाइन (पुष्कळ गळ लावलेल्या लांब दोऱ्या) नाहीत, तिथे. प्रशांत महासागरातल्या पालाऊ देशाने २००९ मध्ये आपला सगळा समुद्र शार्कसाठी राखला, मालदीवने २०१० मध्ये शार्क पकडणं बंद केलं, आणि मालदीवला तर आपल्यातले कितीतरी जण हनिमूनला जाऊन शार्कबरोबर फोटो काढून येतात. मेक्सिकोचं काबो पुल्मो हे मला सगळ्यात पटलेलं उदाहरण, कारण ते छोटं गाव, मासेमारी करणारीच कुटुंबं, माशांचं प्रमाण घसरलं तेव्हा त्यांनीच पुढाकार घेतला, १९९५ मध्ये पार्क झालं, आणि १९९९ ते २००९ ह्या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजन साडेचारशे टक्क्यांहून जास्त वाढलं. शार्कही परत आल्या. गावाने स्वतः राखलं म्हणून झालं, वरून बोर्ड लावून गेले असते तर झालं नसतं.

बोर्ड लावून काय होतं ते शेजारीच आहे. मालवणचा समुद्र १९८७ मध्ये अभयारण्य झाला, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा, २९ चौरस किलोमीटर. पण मच्छीमारांना विश्वासात घेतलं नाही, त्यांनी विरोध केला, आणि कागदावर अभयारण्य, पाण्यात जाळी असं बरीच वर्षं चाललं. तरी महाराष्ट्राने एक चांगलं केलंय, संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि जाळं कापून त्याला सोडला तर फोटो-व्हिडिओ बघून मच्छीमाराला जाळ्याची भरपाई मिळते, २०१८ च्या शेवटापासून, पंचवीस हजारांपर्यंत. गुजरातमध्ये त्याच्याही आधीपासून व्हेल शार्क सोडायची चळवळ आहे, रामकथाकार मोरारी बापूंनी तिला लेकीची उपमा दिली, माहेरी बाळंतपणाला आलेली लेक, आणि जे मच्छीमार तिला मारत होते त्यांनीच शेकडो व्हेल शार्क जाळी कापून सोडल्या. गोव्यात अशी भरपाई सरसकट मिळायला पाहिजे, ही माझी ठाम मागणी आहे, आमदारांना भेटून सांगायची तयारी आहे.

गोव्याकडे तर सुरुवात करायला हाताशी कायदाच आहे. सत्तरच्या दशकात रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार, रस्त्यावर उतरले, उपोषणं केली, मार खाल्ला, तेव्हा कुठे १९८० चा सागरी मासेमारी कायदा आला आणि किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या आत यांत्रिक ट्रॉलरला बंदी झाली. रापणकारांनी ते आपल्या पोटासाठी मिळवलं, पण ही पाच किलोमीटरची पट्टी मोरीच्या पिल्लांचीही पट्टी आहे, आणि गिटारफिश ह्या पाकटाच्या नात्यातल्या चपट्या माशांचीही, जे पावसाळ्यानंतर उथळ वाळूत येतात. ती नीट पाळली गेली, रात्री दिवे विझवून आत येणारे ट्रॉलर थांबले, तर नवीन काही जाहीर न करताही अर्धं काम होईल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असतेच, तो काळही माशांना मिळतो. त्यावर ग्रँड आयलंडभोवती एक छोटा तुकडा, वास्को आणि बायणाच्या मच्छीमारांना बरोबर घेऊन, पूर्ण राखीव केला तर बांबू शार्क, गोब्रा, पाकट ह्यांना तरी घर मिळेल. हातोडा-मोरी लांब फिरते, तिला छोटा तुकडा पुरणार नाही, हे ताईंनीच सांगितलं, उगाच मोठं बोलल्या नाहीत. तिच्यासाठी पिल्लांच्या जागा आणि जाळ्याचे नियम दोन्ही लागतील.

पण कुठला तुकडा राखायचा हे ठरवायला आधी माहिती हवी, वर्षानुवर्षांची, एकाच पद्धतीने घेतलेली. आणि इथेच माझा अर्धा स्टार गेला. ह्यांच्याकडे मागच्या हंगामांचं फुटेज हार्ड डिस्कांवर पडलंय, तक्ते आहेत, मी बघितले, व्यवस्थित आहेत, आणि ते बाहेर कोणाला दिलेले नाहीत. दोना पावलाला एवढी मोठी राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था आहे, राज्याचं जैवविविधता मंडळ आहे, वन खातं आहे, मत्स्य खातं आहे. विचारलं तर म्हणाले वेळ मिळत नाही, आणि मोरीची जागा उघड झाली तर लोक तिथेच गर्दी करतील अशी भीती वाटते. दुसरं कारण मला पटतं, जागा जाहीर करू नका, पण शास्त्रज्ञांना आणि खात्याला द्या ना. डिस्क एक दिवस बंद पडली की सगळं गेलं. लोकांचे सहा-सहा हजार रुपये त्या फुटेजमध्ये आहेत, आम्हालाही वाटतं की ते कुठेतरी लागावं. मी त्यांना हे तोंडावर सांगितलंय आणि ते चिडले नाहीत, लिहून घेतलं. पुढच्या हंगामात सुरू केलं तर मी पूर्ण पाच स्टार करीन.

अजून एक छोटी तक्रार, बोट नांगर टाकते. वाळूवर टाकतात, बघून टाकतात, हे खरं, पण तिथे बांधायला कायमचे बोये असायला हवेत. हा दोष एकट्या ह्यांचा नाही, सगळ्या बोटींनी आणि सरकारने मिळून करायचं काम आहे.

ज्यांना मोठ्या शार्क बघायच्या आहेत त्यांच्यासाठी हे कर्नाटकातल्या नेत्राणी बेटालाही नेतात, मुर्डेश्वरवरून बोट, तिथे पाणी जास्त स्वच्छ आणि काळ्या टोकांची रीफ शार्क दिसते असं डायव्हर सांगतात. आम्ही गेलो नाही अजून. तिथे नौदलाचा गोळीबाराचा सराव असतो त्यामुळे तारखा बदलतात, सुट्टी काढण्याआधी फोन करा.

बुकिंगचं सांगते. पावसात सगळं बंद, हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंत, पण सुरुवातीला पाणी गढूळ असतं, डिसेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर कॅमेऱ्यालाही दिसेल आणि तुम्हालाही. फोनवर स्पष्ट सांगा की कॅमेरावाली ट्रिप हवी, नाहीतर नेहमीच्या बोटीत घालतील. निम्मे पैसे आधी घेतात, समुद्र खवळला म्हणून त्यांनी रद्द केलं तर पूर्ण परत देतात, तुम्ही आदल्या दिवशी रद्द केलंत तर मिळत नाहीत. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या तासभर आधी घ्या, बोटीत बसल्यावर नको. आणि दुपारी फुटेज बघायला थांबाच, बरेच जण जेवून निघून जातात, आमच्या दिवशीही एक कुटुंब निघून गेलं आणि त्यांच्याच सांगाड्यावर ती बांबू शार्क आली होती.